तो मी नव्हेच : अमेरिकन प्रयोग

अमेरिकेत दुकानात जाऊन बंदूक विकत घ्यायची म्हटलं, की सरकार आधी नाव-पत्ता विचारतं आणि मग लगेच उंची आणि वजन विचारतं. बंदुकीचं नव्हे, तुमचं. फॉर्मचा नंबर ४४७३. काचेच्या कपाटात पिस्तुलं ओळीनं मांडलेली, काउंटरपलीकडे दुकानदार, आणि अलीकडे सहाफुटी गिऱ्हाईक पेन हातात धरून वजनाच्या रकान्यापाशी अडलेलं. सगळं खरं लिहिलं आहे अशी खाली सही करायची असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला तुरुंग दाखवलेला असतो. त्या माणसानं इतका खरा आकडा बायकोलासुद्धा कधी सांगितलेला नसतो.

नावाच्या रकान्यात एक सूचना आहे. मधलं नाव नसेल, तर रकाना कोरा न ठेवता 'एनएमएन' असं लिहावं, म्हणजे 'मधलं नाव नाही'. मराठी माणसावर ही वेळ येत नाही. मधल्या नावाचा आपल्याकडे कधीच तुटवडा पडलेला नाही. टेक्ससमधल्या फ्रिस्कोत राहणाऱ्या एखाद्या कुलकर्णीबाईंच्या बाबतीत तर उलटच अडचण. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर जागा संपेपर्यंत जेवढं मावलं तेवढं. यांतलं खरं कोणतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं विचारलेलं असतं आणि तेही बंदुकीच्या दुकानात.

पुढे 'हो' किंवा 'नाही'वर खूण करायचे प्रश्न येतात. तुम्ही फरारी आहात का? तुम्ही अमेरिकेचं नागरिकत्व सोडून दिलंय का? सैन्यातून तुम्हाला बेअब्रू करून काढलंय का? तुम्ही देशात बेकायदा राहता का? कोणता फरारी माणूस पहिल्या प्रश्नाला 'हो' म्हणेल, असं कुणालाही वाटेल. पण हे प्रश्न उत्तरासाठी नसतातच मुळी. 'नाही'वर खूण करणाऱ्याला उद्या खोटं बोलल्याबद्दल निराळं धरता यावं, ही त्यामागची सोय. हंटर बायडनला विचारा. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यानं डेलावेअरमध्ये कोल्ट कोब्रा रिव्हॉल्व्हर घेतलं आणि अमली पदार्थांच्या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केली. जून २०२४ मध्ये ज्युरीनं त्याला तिन्ही आरोपांत दोषी ठरवलं. डिसेंबरात राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे वडिलांनी, माफी दिली. माफी हा अपिलाचा सर्वांत जलद प्रकार आहे, पण त्यासाठी जन्म घेतानाच काळजी घ्यावी लागते.

अमली पदार्थांच्या प्रश्नाखाली एक खास तंबी छापलेली आहे. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला, तरी केंद्राच्या कायद्यात तो बेकायदाच आहे, याची नोंद घ्यावी. कोलोरॅडोत गांजाचं दुकान राज्याच्या परवान्यानं चालतं आणि बंदुकीचं दुकान केंद्राच्या परवान्यानं. दोन्ही दुकानं शेजारी शेजारी असू शकतात, दोन्ही कर भरतात. गिऱ्हाइकानं मात्र एकाच पायरीवर चढायचं.

आपल्या लोकांचा खरा प्रश्न व्हिसाचा. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. एच-वनवर आलेल्याला सर्वसाधारणपणे येत नाही. पण कायद्यात एक अपवाद आहे : त्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं शिकारीचं लायसन्स असेल, तर येते. समजा, आपले कुलकर्णी एच-वनवर आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, एरवी अंड्याचा केकही विचारून खाणारे. त्यांना बंदूक हवी असेल, तर मार्ग एकच : हरणं मारण्याचा परवाना काढणं. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घेणंही अपेक्षित असतं. म्हणजे कुलकर्णी कोर्स करणार, परीक्षा देणार, आणि (सवयीप्रमाणे) पहिले येणार. शिकार केलीच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. लायसन्स खिशात असलं की झालं. परदेशी माणसाच्या हाती शस्त्र द्यायला धोका नाही, हे ओळखण्यासाठी 'तो प्राणी मारायला परवानगी घेऊन आलाय ना' ही कसोटी कुणाला सुचली असेल, त्याला एकदा भेटायला हवं.

फॉर्म भरून झाला, की दुकानदार फोन करतो किंवा संगणकावरून विचारणा करतो. ती विचारणा जाते पश्चिम व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग गावी. तिथे एफबीआयचं मोठं केंद्र आहे. नाताळ सोडून वर्षभर, रोज सतरा तास, हे काम चालतं. २४ नोव्हेंबर २०१७ या दिवशी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीच्या सेलला, त्यांच्याकडे २,०३,०८६ विचारणा आल्या. लोक टीव्ही घ्यायला पहाटे रांगा लावतात हे आपल्याला ठाऊक होतं.

या पद्धतीमागचं कारण विनोदी नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली आणि ते जन्मभर चाकाच्या खुर्चीत राहिले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सेरा यांनी वर्षानुवर्षं झगडून कायदा करून घेतला. ३० नोव्हेंबर १९९३ रोजी क्लिंटन यांनी त्यावर सही केली आणि बरोबर पाच वर्षांनी, ३० नोव्हेंबर १९९८ला, संगणकावरची तपासणी सुरू झाली.

क्लार्क्सबर्गहून येणारं उत्तर एका शब्दाचं असतं. 'प्रोसीड', 'डिलेड' किंवा 'डिनाइड'. 'प्रोसीड' म्हणजे द्या. 'डिलेड' म्हणजे थांबा, आम्ही बघतो. पण सरकारला बघायला कामकाजाचे तीनच दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दुकानदाराला वाटल्यास विकता येतं. आपल्याकडच्या सोसायट्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' माहीत आहे. ही मानीव बंदूक. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मारणाऱ्या तरुणाला बंदूक अशीच मिळाली होती. त्याची जुनी अटक कोणत्या पोलिसांच्या दप्तरी आहे याचा नोंदीत घोळ होता, तपासणारी माणसं चुकीच्या दारात चौकशी करत राहिली आणि तीन दिवस संपले. खरेदीदार एकविसाच्या आतला असेल तर आता कामकाजाच्या दहा दिवसांपर्यंत थांबवता येतं. ही सुधारणा २०२२ची.

आणि 'डिनाइड' म्हणजे नाही. का नाही, हे दुकानदाराला सांगत नाहीत. त्यालाही तो एकच शब्द मिळतो. तो बिचारा तोंड पाडून एक व्यवहार क्रमांक लिहून देतो. तुमच्यामागे रांगेतला माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. काउंटरवरचा वजनाचा खरा आकडा आता सरकारजमा झालेला असतो आणि हातात काही नसतं. २०२२च्याच आणखी एका कायद्यानं नकाराची बातमी चोवीस तासांत स्थानिक पोलिसांना कळवायची असते. अर्जदारानं कारण मागितलं, तर ते सांगायला पाच कामकाजाचे दिवस. म्हणजे तुम्ही काय केलंय, हे तुम्हाला कळायच्या आत तुम्ही काहीतरी केलंय हे पोलिसांना कळलेलं असतं.

मग अपील. (कॅलिफोर्निया, पेन्सिल्व्हेनिया, फ्लोरिडा अशा काही राज्यांत तपासणी राज्यच करतं, तिथे भांडण राज्याशी. टेक्ससवाल्यांनी थेट एफबीआयशी भांडायचं.) व्यवहार क्रमांक लिहून कारण मागायचं. कारण येतं ते कायद्याच्या कलमाच्या भाषेत. सगळ्यांत नेहमीचं कारण म्हणजे 'एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी'. 'होऊ शकेल' हे शब्द नीट वाचावेत. झालीच पाहिजे असं नाही. एकोणिसाव्या वर्षी कुणी न वटणारा चेक दिला, न्यायाधीशांनी समज देऊन सोडलं, एक दिवसही तुरुंग पाहिला नाही, आणि आज नातवाला शिकारीला न्यायचं म्हणून आजोबा दुकानात गेले. त्या चेकची आठवण बँकेला उरलेली नाही, आजोबांना नाही. क्लार्क्सबर्गला आहे.

दुसरी जात अधिक गमतीची. गुन्हा खरा, गुन्हेगार खरा, फक्त तो तुम्ही नसता. संगणक नाव, जन्मतारीख, लिंग, वंश असल्या गोष्टी जुळवून पाहतो. होजे गार्सिया नावाचे लोक त्या देशात किती असतील, त्यांतले एकाच तारखेला किती जन्मले असतील, याचा विचार त्यांच्या आईवडिलांनी केलेला नसतो. सोशल सिक्युरिटी नंबर दिला तर घोटाळा टळायला मदत होते, असं फॉर्मवर लिहिलेलं आहे. पण तो देणं ऐच्छिक. आता बंदूक घेणाऱ्यांत सरकारवर विश्वास नसलेल्यांचा भरणा मोठा. असा माणूस तो रकाना ताठ मानेनं कोरा ठेवतो. सरकारला माझा नंबर कशाला हवा? सरकार म्हणतं, बरं. आणि त्याला दुसराच कुणीतरी समजतं.

अत्र्यांच्या नाटकात प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे कोर्टासमोर छातीठोकपणे आपली ओळख नाकारत असे, आणि तो अट्टल भामटा होता. अमेरिकेत हीच भूमिका निरपराध माणसाला करावी लागते, आणि ती बोटं काळी करून करावी लागते. दहाही बोटांचे ठसे पाठवणं सक्तीचं नाही, पण 'तो मी नव्हे' हे सिद्ध करायला दुसरा बरा उपाय नाही. ठशांचं एक ठरावीक कार्ड असतं. त्यावर प्रत्येक बोटाला एक चौकट, आणि खाली चारी बोटं एकत्र टेकवायला वेगळी जागा. ठसे घेणारा माणूस तुमचं बोट पकडतो, शाईवर फिरवतो आणि कार्डावर नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवतो. तो सांगत असतो, "हात सैल सोडा, मला मदत करू नका." पण माणसाचा स्वभावच मदतीचा. आपण नकळत बोट पुढे ढकलतो आणि चौकटीत काळा डाग उमटतो. ज्यांनी आयुष्यभर विटा-सिमेंटचं काम केलंय त्यांच्या बोटांवर रेघाच धड उरलेल्या नसतात. कष्टानं जगलेल्या माणसाला आपण आपणच आहोत हे दाखवणं सर्वांत अवघड जातं.

ग्रीन कार्डवाल्या कुलकर्ण्यांना याचं वेगळंच नवल. व्हिसाच्या वेळी ठसे दिले, विमानतळावर दिले, ग्रीन कार्डच्या वेळी दिले. या सरकारकडे आपली इतकी बोटं जमलेली असताना अजून का मागतात? तर ते खातं वेगळं आणि हे खातं वेगळं. हे वाक्य इंग्रजीत ऐकलं तरी ओळखीचं वाटतं.

तिसरी तऱ्हा म्हणजे माणूस तोच, पण नोंद अर्धीच. १९९१ मध्ये अटक झाली एवढं लिहिलंय. पुढे खटला काढून टाकला, हे कुणी कळवलंच नाही. एफबीआय म्हणतं, नोंद आमची नाही, आमच्याकडे ती फक्त दिसते, दुरुस्ती जिथून आली तिथून करून आणा. मग दोन राज्यं ओलांडून पलीकडच्या काउंटीच्या कोर्टाला पत्र. तिथला कारकून कळवतो की इतक्या जुन्या फायली आम्ही नष्ट केल्या. मग फायली नष्ट झाल्याचं शिक्क्यानिशी पत्र मिळवायचं आणि ते पुरावा म्हणून जोडायचं.

अपिलं वेळेवर निघतात का? २०१६च्या सुरुवातीला बातमी आली की बंदुकांची विक्री इतकी वाढली होती की अपिलं तपासणारी माणसं एफबीआयनं नव्या तपासण्यांना जुंपली आणि अपिलांचं काम थांबवलं. हजारो अपिलं पडून राहिली. नकार द्यायला माणसं होती, नकार तपासायला नव्हती. पुढे २०१८च्या कायद्यानं साठ दिवसांची मुदत घातली. तो कायदा होण्यामागेही एक हत्याकांड आहे. २०१७ मध्ये टेक्ससमधल्या सदरलँड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गोळीबार झाला. तो करणाऱ्याला हवाई दलाच्या कोर्टानं आधीच दोषी ठरवलं होतं, आणि हवाई दलानं ते कधी कळवलंच नव्हतं. त्याला दुकानातून 'प्रोसीड' मिळालं. ज्या कपाटात आजोबांचा चेक नीट जपून ठेवलेला असतो, त्याच कपाटात हा कागद नव्हता.

समजा, अपील जिंकलात. होजे गार्सियानं पेढे वाटले. पुढच्या वर्षी तो दुसरी बंदूक घ्यायला गेला, तर संगणक पुन्हा त्याला त्याच फरारी गार्सियाशी जुळवतो. कारण होकाराची नोंद चोवीस तासांत पुसून टाकायची, असा नियम आहे. बंदूकवाल्यांची यादी सरकारकडे साठू नये म्हणून त्यांच्याच बाजूच्या लोकप्रतिनिधींनी तो करून घेतला. त्यामुळे तुमचा चांगुलपणा सरकार एक दिवस लक्षात ठेवतं आणि वाईटपणा मात्र दप्तरी कायम राहतो. यावर उपाय म्हणून एफबीआयनं एक ऐच्छिक फाइल काढली आहे. 'माझी माहिती कृपया जपून ठेवा' असा अर्ज करायचा, पुन्हा ठसे द्यायचे, आणि मग एक खास क्रमांक मिळतो. पुढच्या प्रत्येक खरेदीच्या वेळी तो क्रमांक फॉर्मवर लिहायचा. म्हणजे सरकारनं यादी करू नये म्हणून भांडलेला माणूस शेवटी आपणहून सरकारच्या यादीत नाव घालायला रांगेत उभा राहतो.

आणि ज्याचा गुन्हाही खरा, नोंदही खरी, पण ज्याला आता माफी मिळून हक्क परत हवा आहे त्याचं काय? त्याच्यासाठी कायद्यात स्वतंत्र दार आहे. अर्ज करा, शस्त्रांचं केंद्रीय खातं तपासेल, पटलं तर हक्क परत. फक्त १९९२ पासून संसदेनं दरवर्षी त्या खात्याच्या अंदाजपत्रकात एक ओळ घातली : असे व्यक्तींचे अर्ज तपासण्यावर एक पैसाही खर्च करू नये. दार काढून टाकलं नाही. दरवानाचा पगार बंद केला.

या दारावर बीन नावाच्या टेक्ससमधल्या एका बंदूकविक्रेत्यानं धडक दिली. १९९८ मध्ये तो लारेडो गावी बंदुकांच्या प्रदर्शनाला गेला होता. संध्याकाळी सोबत्यांना घेऊन नदीपलीकडे, मेक्सिकोत, जेवायला जायचं ठरलं. गाडीतल्या बंदुका-काडतुसं काढून ठेवा, असं त्यानं माणसांना सांगितलंही होतं. एक खोकं मागे राहिलं. सीमेवरच्या मेक्सिकन अधिकाऱ्यांना ते दिसलं आणि काडतुसं आयात केल्याबद्दल बीनला तिकडच्या कोर्टानं शिक्षा दिली. जेवण राहिलंच. अमेरिकेत परतल्यावर बंदुकीचा हक्क गेला, आणि बंदूकविक्रेत्याचा हक्क गेला म्हणजे धंदाच गेला. त्यानं अर्ज केला. खात्यानं तो तपासायला पैसे नाहीत म्हणून परत पाठवला. बीन कोर्टात गेला, खाली जिंकला, वरच्या कोर्टातही जिंकला. डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की खात्यानं अर्ज नाकारलेलाच नाही, तो फक्त तपासला नाही. नकारच नाही, तर अपील कशावर?

मी हा निकाल पुन्हा वाचला. कायदा म्हणून त्यात चूक काढता येत नाही. आपल्याकडच्या 'उद्या या'लाही कुणी इतकं भक्कम कायदेशीर अधिष्ठान दिलेलं नाही.

तीन वर्षांच्या आतच, २००५ मध्ये, त्याच न्यायालयासमोर जपानमध्ये शिक्षा झालेल्या एका माणसाचा खटला आला. तेव्हा न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की या कायद्यात परदेशी कोर्टाची शिक्षा धरायचीच नाही. म्हणजे बीनच्या वाटेतली ती मेक्सिकन शिक्षा मुळात अडथळाच नव्हती. हे त्याला त्याच्या नव्हे, दुसऱ्याच्या खटल्यात कळलं.

ते बंद दार अलीकडे, २०२५ मध्ये, न्यायखात्यानं पुन्हा उघडायला घेतलं. हक्क परत मिळालेल्या पहिल्या दहा जणांच्या यादीत अभिनेता मेल गिब्सन होता. इतरांनी अर्ज करताना 'मॅड मॅक्स'मध्ये काम केलं असल्यास तसं नमूद करावं, अशी सूचना अजून फॉर्मवर आलेली नाही.

आपल्याकडे गंमत उलटी आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आधी परवाना आणि मग बंदूक, आणि परवाना कशाला हवा हे अर्जदारानं पटवायचं. निवडणूक आली की परवाना असलेलं शस्त्रही पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. तिकडे 'का द्यायची नाही' हे सरकारनं शोधायचं, इकडे 'का द्यायची' हे आपण. दोन्हीकडे कागद सारखेच लागतात.

फ्रिस्कोतल्या कुलकर्ण्यांना तरीही एवढंच सांगेन. नकार आला तर घाबरू नका, भांडू नका, दुकानदारावर ओरडू नका, त्याला खरंच काही माहीत नसतं. व्यवहार क्रमांक घ्या, कारण मागवा, अपील करा. एफबीआय अपिलाची फी घेत नाही. ठशांच्या शाईचे पैसे मात्र ज्याचे त्यानं भरायचे.